पेटीतली पत्रे

अमरावती-अकोल्याकडील आपली काही वडीलधारी माणसे आजही ‘सप्रेम जय भीम’ लिहून पत्राला सुरुवात करतात. नातवंडांच्या मोबाईलवर निरोप क्षणात येतो. पण मोबाईल बिघडला की पुष्कळदा तो कायमचा जातो. पत्रावर मात्र तारीख, गाव व टपालाचा शिक्का राहतो.

३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून, मंदिरप्रवेशाऐवजी शिक्षण व राजकारणाकडे शक्ती वळवावी, असे कळविले. ते पत्र जपले गेले, म्हणूनच हा निर्णय आज त्यांच्याच शब्दांत वाचता येतो.

विद्यार्थी मित्रांनो, आजोबांच्या पेटीतली पत्रे रद्दीत घालू नका. त्यांच्याजवळ बसून ती वाचा. त्यांतील माणसे कोण, हे विचारून लिहून ठेवा. चळवळीचा इतिहास आपल्या घरातही आहे.