विश्लेषण : रायफलची नळी घरच्या घरी बदलता येते का? मोबाइलवर दिसणारी ‘दुरुस्ती’ आपल्याकडे जन्मठेपेपर्यंत का नेऊ शकते?

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील धावडा आणि आसपासच्या गावांत मका, सोयाबीन भरात आले की रात्रीची राखण सुरू होते. अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतच्या या पट्ट्यात रोही आणि रानडुकरे एका रात्रीत उभे पीक आडवे करतात. अशा भागांत काही घरांमध्ये परवान्याची बंदूक असते. कुठे ठासणीची, कुठे बारा बोअरची, क्वचित एखाद्या जुन्या घरात इशापूर कारखान्याची .३१५ रायफल. बऱ्याचदा ती वडील किंवा आजोबांकडून वारशाने आलेली असते आणि वर्षातले अकरा महिने कपाटात उभी असते. मग एका पावसाळ्यात नळीला गंज दिसतो. मोबाइलवर शोधले, की परदेशातला कुणी घराच्या गॅरेजमध्ये अर्ध्या तासात बोल्ट अ‍ॅक्शन रायफलची जुनी नळी काढून नवी बसवताना दिसतो. तोही परवानाधारक, आपणही परवानाधारक. मग आपण का करू नये? कायदा आणि तंत्र या दोन्ही अंगांनी या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे.

कायद्याच्या नजरेत नुसती नळी म्हणजे काय?

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील कलम २ मध्ये ‘फायरआर्म’ म्हणजे अग्निशस्त्राची व्याख्या आहे. त्यात अख्खी बंदूक येतेच, पण अग्निशस्त्राचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे दस्ता नाही, चाप नाही, बोल्ट नाही, नुसती पोलादी नळी टेबलावर ठेवली आहे, तरी कायद्यासाठी ते अग्निशस्त्रच. सगळी गुंतागुंत या एका वाक्यातून सुरू होते.

पुढचे कलम ५. अग्निशस्त्र तयार करणे, विकणे, हस्तांतरित करणे, त्यात बदल करणे, दुरुस्त करणे, त्याची चाचणी घेणे, या सगळ्यांसाठी स्वतंत्र परवाना लागतो. २०१९च्या दुरुस्तीने या यादीत ‘मिळवणे’ही जोडले गेले. आपल्याकडे असतो तो शस्त्र बाळगण्याचा परवाना, आणि तो दुरुस्तीचा परवाना नव्हे. गाडी चालवण्याचा परवाना असला म्हणून कुणी इंजिन बनवण्याचा कारखाना काढू शकत नाही, तसेच हे. फरक इतकाच की गॅरेज नसलेल्याने गाडी खोलली तर कुणी विचारत नाही. इथे विचारतात.

शिक्षा किती आहे?

बहुतेकांचा अंदाज चुकतो तो इथे. कलम ५चा भंग केल्यास कलम २५(१) लागू होते. पूर्वी त्यात किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद होती. १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ती किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप केली, शिवाय दंड. हा बदल मुख्यतः गावठी कट्टे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या टोळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून झाला. पण कलमाच्या शब्दांत टोळीवाला आणि शेतकरी असा भेद नाही. विनापरवाना ‘दुरुस्ती’ करणारा दोन्हीकडे तोच.

यात एक दुसरा माणूसही अडकतो, लेथवाला. जालना हे पोलादाचे शहर, तिथे आणि तालुक्याच्या गावांत लेथची दुकाने आहेत. ट्रॅक्टरचा शाफ्ट, बोअरच्या मोटारीचे सुटे भाग तो रोज कातून देतो. ओळखीतल्या माणसाने नळी आणून दिली आणि त्याने आटे पाडून दिले, तर दुरुस्ती करणारा तोच ठरतो. त्याच्याकडे तर शस्त्र बाळगण्याचाही परवाना नसतो.

लांब नळी अडचणीची वाटते म्हणून कापून आखूड करणे हा वेगळा गुन्हा आहे, तो कलम ६ खाली येतो. नळीवरचा किंवा शस्त्रावरचा क्रमांक खोडणे अथवा बदलणे कलम ८ खाली येते. जुनी नळी टाकून बिनक्रमांकाची नवी बसवली, तर परवान्यावरची नोंद आणि हातातले शस्त्र यांचा मेळच उरत नाही. निवडणुकीच्या वेळी शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करताना किंवा नूतनीकरणाच्या तपासणीत ही गोष्ट उघड होते.

.३१५ला .३०३ची नळी लावली तर?

.३१५ हे काडतूस नागरिकांसाठी आले त्यामागे इतिहास आहे. ब्रिटिश काळात लष्कराचे .३०३ काडतूस लोकांच्या हाती पडू नये, चोरलेली लष्करी काडतुसे खासगी रायफलमध्ये चालू नयेत, म्हणून शिकाऱ्यांना वेगळ्या मापाच्या रायफली घ्याव्या लागल्या. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्याने पुढे .३१५ची रायफल बनवली ती मात्र .३०३ ली-एन्फिल्डच्याच धाटणीची. बोल्ट तसाच, ठेवण तशीच. त्यामुळे ‘नळी बदलली की झाली .३०३’ हा विचार कुणाच्या तरी डोक्यात येतोच.

शस्त्र नियम, २०१६ नुसार .३०३ किंवा ७.६२ मिमीची लष्करी काडतुसे झाडू शकणारी बोल्ट अ‍ॅक्शन रायफल प्रतिबंधित वर्गात मोडते. साध्या वर्गातल्या शस्त्राचे प्रतिबंधित शस्त्रात रूपांतर केल्यास किमान शिक्षा दहा वर्षे होते. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२०च्या प्रजासत्ताक दिनी .३०३ला समारंभपूर्वक निरोप दिला, इतके हे शस्त्र आता जुने झाले आहे. पोलिसांनी निवृत्त केले म्हणजे नागरिकांना मोकळे झाले, असा अर्थ मात्र निघत नाही.

मग अमेरिकेत हे उघडपणे कसे चालते?

कारण तिथे ‘शस्त्र’ म्हणजे कोणता भाग, याचे उत्तर वेगळे आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात रायफलचा रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो आणि नळी ज्याला जोडली जाते तो मधला सांगाडा, हेच शस्त्र. क्रमांक त्यावर असतो, नोंद त्याची होते. नळी हा नुसता सुटा भाग, तो टपालाने घरी मागवता येतो. त्यात १९५८ साली सॅव्हेज कंपनीने ‘११०’ ही रायफल आणली. तिच्यात नळी एका मोठ्या नटाने घट्ट होते. नट सैल करायचा, नळी पुढे-मागे करून माप जुळवायचे, नट पुन्हा आवळायचा. घरगुती नळीबदलाचा छंद वाढला त्यात या रचनेचा मोठा हात आहे.

युरोपात असे नाही. युरोपीय संघाचा शस्त्रविषयक निर्देश नळीला शस्त्राचा आवश्यक घटक मानतो आणि ब्रिटनमध्येही सुट्या नळीसाठी प्रमाणपत्र लागते. भारत या बाबतीत युरोपच्या बाजूला आहे, किंबहुना एक पाऊल पुढेच, कारण आपली व्याख्या कोणताही भाग वेगळा काढत नाही. परदेशी संकेतस्थळावरून नळी मागवली तर आयातीच्या परवान्याचा प्रश्न वेगळा उभा राहतो. ते पार्सल आपल्या दारापेक्षा सीमाशुल्क विभागाकडे आधी पोहोचते.

तांत्रिक धोका नेमका कुठे आहे?

कायदा बाजूला ठेवला, तरी एक मोठी अडचण उरते. तिचे नाव हेडस्पेस. काडतूस चेंबरमध्ये जाऊन एका ठिकाणी अडते. मागून बोल्ट बंद होतो. काडतूस जिथे अडते ती जागा आणि बोल्टचा पुढचा चेहरा यांतले अंतर म्हणजे हेडस्पेस. .३०३ किंवा .३१५सारख्या काडतुसाच्या बुडाला कड असते, ती नळीच्या तोंडाशी अडते. .३०-०६सारख्या बिनकडेच्या काडतुसात पुंगळीचा खांदा चेंबरच्या उतारावर अडतो. नळी बदलली की हे अंतर बदलते, आणि ते प्रत्येक रायफलसाठी नव्याने जुळवावे लागते.

.३०-०६च्या चेंबरसाठी दोन मापके वापरतात. एकावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. या दोन मापकांतला फरक आहे सुमारे ०.१५ मिलिमीटर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन केसांएवढा. अंतर यापेक्षा कमी पडले तर बोल्ट बंदच होत नाही, आणि मग माणूस तो जोर लावून बंद करतो. अंतर जास्त झाले तर बार उडताना पुंगळीला मागच्या बाजूने आधार राहत नाही. पितळ ताणले जाते, बुडाजवळ तडकते आणि वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे निघतो.

हा वायू किती दाबाचा असतो, याची कल्पना गाडीच्या टायरवरून करता येईल. टायरमध्ये साधारण ३२ पीएसआय हवा असते. .३०-०६ काडतुसासाठी मान्य कमाल दाब ६०,००० पीएसआय आहे, टायरच्या जवळपास १,९०० पट. आणि हे सगळे डोळ्यापासून वीतभर अंतरावर घडते.

म्हणूनच ज्या देशांत बंदुका बनतात तिथे नव्या नळीची ‘प्रूफ’ चाचणी घेण्याची पद्धत आहे. नेहमीपेक्षा जास्त दाबाचे काडतूस माणूस दूर ठेवून उडवायचे, नळी तपासायची आणि ठसा मारायचा. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस १८१३ पासून हेच काम करते. युरोपातील प्रमाणानुसार रायफलच्या चाचणीत कमाल दाबापेक्षा २५ टक्के अधिक दाब दिला जातो. लेथवर कातलेल्या नळीची पहिली चाचणी मात्र मालकाच्या खांद्यावरच होते. नळीचे पोलादही वेगळे असते. बांधकामाच्या सळईसाठी किंवा शाफ्टसाठी चांगले असलेले पोलाद क्षणार्धात चढणाऱ्या या दाबासाठी निवडलेले नसते.

पण नळी खरेच खराब झाली आहे का?

हा प्रश्न सर्वात आधी विचारायला हवा, आणि सर्वात कमी विचारला जातो. नळी झिजते ती गरम वायूंनी चेंबरच्या पुढचा भाग खरवडला गेल्याने, आणि त्यासाठी हजारो बार उडावे लागतात. वर्षाला चार-पाच काडतुसे उडवणाऱ्याची नळी वापराने झिजत नाही. ती बिघडते ती दमट कपाटाने, चामड्याच्या किंवा कापडी आवरणात महिनोन्महिने ठेवल्याने आणि जुन्या काडतुसांतील क्षारांचा थर न पुसल्याने.

नेम चुकतो म्हणून नळी गेली, असेही नसते. नळीत तांब्याचा थर साचला असेल, दस्त्याचे स्क्रू ढिले झाले असतील, किंवा साफ करताना लोखंडी गज घासून नळीच्या टोकाची कड बिघडली असेल. गुळगुळीत नळीवर बाहेरून हलका गंज असेल तर तेल आणि मऊ कापड पुरते. नळीला कुठे फुगवटा दिसत असेल, चिखल किंवा चिंधी अडकलेली असताना बार उडाला असेल, किंवा आतून खोल खड्डे पडले असतील, तर मात्र ते शस्त्र वापरू नये. पुसून, घासून ते सुरक्षित होत नाही.

योग्य मार्ग कोणता?

दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे किंवा विक्रेत्याकडे शस्त्र न्यायचे. जाताना मूळ परवाना सोबत हवा. परवानाधारक वयस्कर असेल आणि स्वतः जाऊ शकत नसेल, तर त्याची सोय कायद्यातच आहे. कलम ३ नुसार परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी शस्त्र नेऊ शकते. तोंडी ‘काकांनी पाठवले’ चालत नाही, कागद लागतो. कारागिराकडून त्याच्या परवाना क्रमांकासह पावती घ्यावी. नळीवर क्रमांक असेल आणि ती बदलली जाणार असेल, तर काम सुरू होण्याआधीच परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला, ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी कार्यालयाला, लेखी कळवावे.

अनेकदा जुन्या रायफलला नवी नळी मिळवण्यापेक्षा ती रीतसर जमा करून दुसरे शस्त्र घेणे सोपे पडते. पीकसंरक्षणासाठी तर कायद्याचा कल रायफलकडे नाहीच. कलम १३ मध्ये खऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे, आणि ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले तर किमान २० इंच नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा. २०१९ पासून सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, हेही हिशेबात धरावे लागते. परवान्याची मुदत त्याच दुरुस्तीने तीनवरून पाच वर्षे झाली, तेवढा एक दिलासा.

नेमबाजांना सूट आहे का?

शस्त्रांच्या संख्येत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. या प्रकारात खेळाडू .२२ बोअरच्या रायफलने खेळतात, आणि तिथे नळी हा खरोखरच झिजणारा भाग असतो, कारण सरावात हजारो गोळ्या उडतात. फेब्रुवारी २०२०च्या नियमांनी नामवंत आणि आंतरराष्ट्रीय पदकविजेत्या नेमबाजांना १२ पर्यंत शस्त्रे ठेवण्याची मुभा दिली. स्वतःच्या घरी दुरुस्तीचा कारखाना चालवण्याची मुभा त्यात नाही.

रायफल दुरुस्त झाली, तर रोहीवर चालवता येईल का?

नुसत्या शस्त्रपरवान्यावर नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुरुस्तीनंतर रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. पिकाचे नुकसान करणारा प्राणी मारायचा असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ती नसेल तर नळी कितीही चांगली असली तरी गुन्हा वेगळा नोंदवला जातो आणि बंदूकही जप्त होते. पीकनुकसानीची भरपाई वन विभागाकडे अर्ज करून मिळते. त्या अर्जाला नुकसानीचे छायाचित्र आणि पंचनामा लागतो, बंदूक लागत नाही.