करणाऱ्यांची जखम उशिरा भरते

कोपराच्या थोडं खाली, हाताच्या आतल्या बाजूला साडेतीन मिलिमीटरची गोल जखम. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २६ स्त्रियांच्या हातावर ती मुद्दाम केली आणि कधी भरते ते पाहत राहिले. त्यातल्या १३ जणी स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाचं सगळं करत होत्या. उरलेल्या १३ जणींचं वय आणि घरची मिळकत साधारण तेवढीच, पण ही जबाबदारी अंगावर नव्हती. जखमेचे फोटो काढायचे, वर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायचं. फेस आला तर जखम अजून ओली. फेस यायचा थांबला की भरली. १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला. जबाबदारी नसलेल्यांची जखम सरासरी ३९.३ दिवसांत भरली, करणाऱ्यांची ४८.७ दिवसांत.

जखम झाली की पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-१ बीटासारखे पदार्थ सोडतात आणि त्यांच्या इशाऱ्यावर दुरुस्ती सुरू होते. ताण हटतच नसेल, तर कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं हा इशारा दडपतात. करणाऱ्या स्त्रियांच्या पेशींत हा पदार्थ बनवण्याची तयारीच कमी दिसली. तेरा-तेराचे गट लहानच. पण १९९६ मध्ये याच संशोधकांना दिसलं की, स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची सेवा करणाऱ्यांच्या शरीरात फ्लूच्या लशीनंतरही प्रतिकारशक्ती इतरांपेक्षा कमी जागी होते. ‘मला काय होतंय!’ म्हणत उभ्या असलेल्या बाईच्या रक्तात हे सगळं चाललेलं असतं.

मग माणसाचं करणंच घातक का? तसं मुळीच नाही. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी वृद्ध जोडप्यांचा चार वर्षं मागोवा घेतला. जोडीदाराचं करताना ज्यांच्यावर ताण येत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. सेवा करत असूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोलाचा निष्कर्ष हाच. जीव लावण्यानं माणूस खचत नाही. खचतो तो एकट्यावर पडल्यानं, रात्रीची झोप तुटल्यानं, ‘आज मला जमणार नाही’ म्हणायची सोयच नसल्यानं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद आहे, पण ती केवळ नोकरी-व्यवसायापुरती. सासऱ्यांचं पथ्य, मुलांचा डबा, नणंदेचं बाळंतपण सांभाळून पार थकून गेलेली बाई तिच्यात बसत नाही. भारताच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. आजारी आणि लहानांची काळजी घेण्याचा वेळ यात धरलेला नाही. अशा बाईला ‘स्वतःसाठी थोडा वेळ काढ’ असं सांगणं मला क्रूर वाटतं. तो वेळ तिच्याकडे आहेच कुठे? दुसऱ्या कुणीतरी तिचं काम उचललं, तरच तो निघेल.

सुरुवात दवाखान्यातून व्हावी. सासऱ्यांना घेऊन सून येते, फाइल पुढे करते, औषधांच्या वेळा तिला तोंडपाठ असतात. डॉक्टरांनी तिचाही रक्तदाब त्याच वेळी पाहावा आणि सोबत आलेल्या मुलाला विचारावं, रात्री कोण उठतं? दोघं आळीपाळीनं उठता का? उत्तर ‘तीच’ असं आलं, तर औषधांच्या चिठ्ठीवरच मुलाच्या नावानं आठवड्यातल्या निम्म्या रात्री लिहून द्याव्यात.