आग्नेय आशियातील निर्यात : स्थानिक ई-बाजारपेठेची निवड

परदेशात माल विकणे हे दीर्घकाळ मोठ्या निर्यातगृहांचेच क्षेत्र मानले जात होते. ई-वाणिज्यामुळे हातमाग विणकर, मसाले प्रक्रियादार, हस्तकला कारागीर अशा लहान उत्पादकांनाही परदेशी ग्राहकापर्यंत पोहोचण्याचा मार्ग खुला झाला. मात्र उदयोन्मुख प्रदेशात कोणत्या ई-बाजारपेठेमार्फत विक्री करावी, या निर्णयावर लहान उत्पादकाचा नफाच नव्हे, तर त्याचे खेळते भांडवलही अवलंबून असते. आग्नेय आशियाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

प्रदेश एक, बाजार अनेक

ऑक्टोबर २०२५ मध्ये तिमोर-लेस्तेच्या प्रवेशानंतर आसियानची सदस्यसंख्या ११ झाली. परंतु आसियान हा युरोपीय संघाप्रमाणे सीमाशुल्क संघ नाही. प्रत्येक देशाचे चलन, भाषा, आयातशुल्क आणि ग्राहककायदे भिन्न आहेत. अमेझॉनने या प्रदेशात सिंगापूरपुरतेच संकेतस्थळ सुरू केले. उर्वरित मोठ्या देशांत स्थानिक ई-बाजारपेठाच वाढल्या. टोकोपीडिया २००९ मध्ये इंडोनेशियात, लझाडा २०१२ मध्ये, तर शॉपी २०१५ मध्ये सुरू झाली. लझाडाचे नियंत्रण २०१६ मध्ये चीनच्या अलिबाबा समूहाकडे गेले.

स्थानिक ई-बाजारपेठ ही केवळ वस्तूंची मांडणी करणारे दुकान नसते. ग्राहकाच्या भाषेतील माहिती, स्थानिक चलनातील देयक, घरपोच वितरण आणि परतीची व्यवस्था ती पुरवते. इंडोनेशिया १७ हजारांहून अधिक बेटांवर पसरलेला आहे. तेथे किंवा फिलिपाइन्समध्ये माल मिळाल्यावर रोख रक्कम देणारा ग्राहकवर्ग मोठा आहे. ही सारी यंत्रणा एकट्या परदेशी विक्रेत्याला उभारता येणे कठीण असते.

प्रथम नियम, नंतर ग्राहकसंख्या

ई-बाजारपेठ निवडताना ग्राहकसंख्येकडे प्रथम लक्ष जाते. वस्तुतः त्या देशाचा कायदा आधी पाहावयास हवा. इंडोनेशियाने २०२० मध्ये आयातशुल्कमाफीची मर्यादा प्रतिपार्सल ७५ डॉलरवरून ३ डॉलरवर आणली. २०२३ मध्ये परदेशी विक्रेत्यांनी ई-बाजारपेठेवरून थेट विकावयाच्या तयार वस्तूंसाठी, काही अपवाद वगळता, प्रतिनग किमान १०० डॉलर किमतीची अट घातली. देशांतर्गत लघुउद्योगांचे संरक्षण हा त्यामागील हेतू होता. दहा-पंधरा डॉलरची ओढणी विकणाऱ्या भारतीय विणकरासाठी एवढ्या मोठ्या बाजाराचे थेट विक्रीचे दार व्यवहारतः बंदच झाले.

अन्य देशांची दिशाही अशीच आहे. मलेशियाने जानेवारी २०२४ पासून ५०० रिंगिटपर्यंतच्या ऑनलाइन आयात मालावर १० टक्के विक्रीकर लागू केला. थायलंडने जुलै २०२४ पासून १,५०० बाहतपर्यंतच्या मालावर ७ टक्के मूल्यवर्धित कर सुरू केला. व्हिएतनामने फेब्रुवारी २०२५ मध्ये १० लाख डोंगपर्यंतच्या मालाची मूल्यवर्धित करातील सूट संपुष्टात आणली.

नफ्याचे गणित

समजा, एका वस्तूची विक्री किंमत १,००० रुपये आहे. ई-बाजारपेठेचे कमिशन १०० रुपये, देयकशुल्क २० रुपये, वाहतूक ३०० रुपये आणि उत्पादनखर्च ४५० रुपये धरल्यास नफा १३० रुपये राहतो. म्हणजे दहा नगांवर १,३०० रुपये. यांपैकी एक नग ग्राहकाने नाकारला आणि तो भारतात परत आणणे परवडले नाही, तर कमिशन व देयकशुल्क माफ होऊनही उत्पादन व वाहतुकीचे ७५० रुपये बुडतात. उरलेल्या नऊ नगांचा नफा १,१७० रुपये असल्याने हाती केवळ ४२० रुपये पडतात. म्हणूनच कमिशनच्या दराइतकीच परतीची अट, स्थानिक गोदामाची सोय आणि देयक हाती पडण्याचा कालावधी तपासणे आवश्यक ठरते. परदेशी विक्रेत्यास थेट नोंदणी मिळते की स्थानिक कंपनी लागते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

पर्यायी मार्ग

थेट पार्सल परवडत नसेल तेथे स्थानिक आयातदाराकडे एकगठ्ठा माल पाठवून त्याच्यामार्फत ई-बाजारपेठेवर विक्री करता येते. जानेवारी २०१० पासून अमलात आलेल्या आसियान-भारत वस्तुव्यापार करारातील शुल्कसवलतीचा लाभ उत्पत्तिप्रमाणपत्रासह अशा मालास घेता येतो. सुट्या पार्सलसाठी या प्रमाणपत्राचा खर्च व खटाटोप सहसा परवडत नाही. एकगठ्ठा मार्गात नफ्याचा वाटा आयातदारास द्यावा लागतो, परंतु परतीची जोखीम घटते.

भारतातही पोषक पावले पडली आहेत. विदेश व्यापार धोरण २०२३ मध्ये ई-वाणिज्य निर्यातीस स्वतंत्र प्रकरण देण्यात आले. कुरिअरमार्फत निर्यातीची मूल्यमर्यादा त्या वेळी प्रतिपार्सल ५ लाखांवरून १० लाख रुपये करण्यात आली. डाकघर निर्यात केंद्रांमुळे लहान गावांतूनही निर्यात शक्य झाली. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात ई-वाणिज्य निर्यात केंद्रांची घोषणा झाली.

तथापि, एकाच ई-बाजारपेठेवर विसंबणे धोक्याचे असते. इंडोनेशियाने समाजमाध्यमांवरील थेट खरेदी-विक्रीस मनाई केल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये टिकटॉकची तेथील विक्रीसेवा बंद झाली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या विक्रेत्यांचे दुकान काही दिवसांत मिटले. टोकोपीडियाशी भागीदारी करून ती डिसेंबरमध्ये परतली. लहान निर्यातदाराने म्हणूनच एका देशापासून, मोजक्या वस्तूंनी आरंभ करावा आणि नियम, परतीचा खर्च व देयक यांचा अनुभव जमेस धरूनच विस्तार करावा. ई-वाणिज्याने अंतर कमी केले असले, तरी प्रत्येक देशाची सीमा आणि तिचे नियम कायम आहेत.