मातांचे आरोग्य : योजनेच्या कृपेवर की कायद्याच्या हक्कावर?

नवी दिल्ली : केरळमध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे १९ मातांचा मृत्यू होत होता, आसाममध्ये हेच प्रमाण १९५ होते. नमुना नोंदणी प्रणालीच्या २०१८-२० या कालावधीच्या अहवालातील ही आकडेवारी. देशाची सरासरी ९७, तर महाराष्ट्राचे प्रमाण ३३ होते. एकाच देशातील दोन राज्यांत दहापट अंतर असण्याची कारणे अनेक आहेत. मात्र सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने ते कमी करण्याची मोठी जबाबदारी विधिमंडळांकडे येते. प्रत्यक्षात राज्यांचा कल कायद्यापेक्षा योजनांकडे राहिला आहे.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. योजना शासननिर्णयाने सुरू होते आणि शासननिर्णयानेच तिच्या अटी बदलतात. कायद्याने दिलेला हक्क नाकारला गेल्यास दाद मागता येते. तमिळनाडूत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाने, तर ओडिशात ‘ममता’ या नावाने मातांना अर्थसाहाय्य दिले जाते. दोन्ही उपक्रम उपयुक्त आहेत, पण ते योजनाच आहेत.

राज्याचा कायदा किती दूरवर परिणाम करू शकतो, याचे जुने उदाहरण मुंबई प्रांताचे आहे. गिरण्या-कारखान्यांतील स्त्री कामगारांना प्रसूतिकाळात भत्ता देणारे विधेयक १९२८मध्ये मुंबई विधिमंडळात चर्चेला आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याचे समर्थन केले. मातेला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने या खर्चाचा मोठा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. कायदा १९२९मध्ये झाला. पुढच्याच वर्षी मध्य प्रांताने आणि नंतर मद्रास प्रांताने तसाच कायदा केला. देशव्यापी मातृत्व लाभ कायदा येण्यास मात्र १९६१ उजाडले. २०१७च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांवर नेली; शेतमजूर किंवा घरकामगार स्त्रीला तिचा व्यवहारात उपयोग नाही.

असंघटित क्षेत्रातील स्त्रियांसाठी २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात तरतूद आहे. नियमित सरकारी नोकरी वा अन्य कायद्याचा लाभ असलेल्या स्त्रिया वगळता प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये द्यावेत, असे तो सांगतो. पण हा हक्क केंद्राने आखलेल्या योजनेच्या अधीन ठेवला गेला. परिणामी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच ६,०००. कायद्यातील ‘प्रत्येक’ हा शब्द योजनेत उतरताना असा आक्रसला.

राजस्थानने मार्च २०२३मध्ये आरोग्य हक्क विधेयक मंजूर करून वेगळी वाट धरली. गर्भारपणातील गुंतागुंतीचा समावेश आपत्कालीन स्थितीत करून आगाऊ पैसे न घेता उपचार देण्याचे बंधन त्यात आहे. रुग्ण पैसे देऊ न शकल्यास भरपाई सरकार करेल, अशी हमी आहे. ही भरपाई कधी आणि कशी मिळणार, हे स्पष्ट नसल्याचा आक्षेप घेत खासगी डॉक्टरांनी आंदोलन केले. तो आक्षेप गैरवाजवी म्हणता येणार नाही. ४ एप्रिलला झालेल्या समझोत्यात सरकारी सवलती न घेतलेली, ५० खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालये वगळण्याचे ठरले. तालुक्याच्या गावी रात्री-अपरात्री गाठता येणारे प्रसूतिगृह बहुधा याच गटातले असते.

दुसरी अडचण स्थलांतराची. राजस्थानचा हक्क राज्यातील ‘रहिवाशा’साठी आहे. बीडमधून कर्नाटकात ऊसतोडीला जाणाऱ्या गर्भवतीसारख्या स्त्रीला अशा कायद्यात कुठे मोजायचे? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१०मध्ये याच्याशी निगडित निकाल दिला होता. गर्भ पोटातच दगावलेला असतानाही दारिद्र्यरेषेखालील एका स्त्रीला रुग्णालयांनी परत पाठवले होते; पुढच्या बाळंतपणात, घरीच प्रसूती होऊन तिचा मृत्यू झाला. मातेचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सांगून न्यायालयाने बजावले की, एका राज्यात दारिद्र्यरेषेखाली नोंद असलेली स्त्री दिल्लीत आल्यास तिची सेवा खंडित होता कामा नये. तो आदेश दिल्लीपुरता होता. इतर राज्यांत ही हमी देण्याचे काम विधिमंडळांचे आहे, आणि त्याची सुरुवात विधेयकातील ‘रहिवासी’ या शब्दाच्या व्याख्येपासून होते.