स्वस्तातली रंगभूषा, धुऊन निघणारे केस

यावलच्या हौशी नाट्यसंघाला राज्य नाट्यस्पर्धेचे जवळचे केंद्र जळगावचे. त्या स्पर्धेच्या तयारीसाठी तालुक्याच्या गावात जमेल असे सामान:

- ग्रीसपेंट: मेण-तेलात घोटलेला रंग. ऑपेरागायक लुडविग लाइखनर यांनी १८७३ मध्ये बर्लिनला त्याचा कारखाना काढला. घामात टिकतो, वर पावडर हवीच.
- पॅनकेक: ओल्या स्पंजाने लागतो, पाण्याने निघतो. एक वडी अनेक चेहऱ्यांना पुरते.
- मुरदाडशिंग: लोककलावंतांची जुनी रंगद्रव्य-पूड. हे शिशाचे ऑक्साइड, म्हणजे विषच. पर्याय: झिंक ऑक्साइड, खोबरेल तेलात कालवून.
- पिकले केस: टाल्कम पावडर झटकन लागते, पण हालचालीत अंगरख्यावर सांडते. चेहऱ्याचा पांढरा रंग जुन्या टूथब्रशने फक्त कानशिलांवर फिरवला, तरी म्हातारपण मागच्या रांगेपर्यंत दिसते.
- काळे केस: कायमच्या डायमध्ये बहुधा पीपीडी हे ॲलर्जी आणू शकणारे रसायन असते, ‘काळी मेंदी’च्या अनेक पाकिटांतही. कोपराच्या आतल्या बाजूला ४८ तास आधी चाचणी. निव्वळ मेंदीने केस तांबूसच होतात.
- दाढी-मिशा: क्रेपचे केस, चिकटवायला स्पिरिट गम.

पोस्टर कलर आणि कपड्यांचे रंग चेहऱ्यासाठी नाहीत. ग्रीसपेंट उतरवायला खोबरेल तेल, मग साबण.