नर्सिंगला जायचे आहे, पण नापास झाले तर?

‘सगळे इंग्रजीत, जमले नाही तर?’ ही धास्ती मराठी माध्यमातल्या कितीतरी मुलींना नर्सिंगच्या दारातच अडवते. धास्ती अगदीच खोटी नाही. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र व शरीरक्रियाशास्त्र अनेकींना जड जाते. हाडे, स्नायू, नसांची परकी नावे एकदम अंगावर येतात. पण ही नावे तुकड्यांची बनलेली असतात. ‘हेपॅट’ म्हणजे यकृत, ‘गॅस्ट्र’ म्हणजे जठर, ‘आयटिस’ म्हणजे दाह. असे पन्नासएक तुकडे वहीत उतरवून रोज म्हणा. हेपॅटायटिस म्हणजे यकृताचा दाह हे मग पाठ करावे लागत नाही.

जीएनएम या ३ वर्षांच्या पदविकेला कला शाखेच्या मुलीही जाऊ शकतात. ४ वर्षांच्या बीएस्सीला मात्र बारावीला जीवशास्त्र हवे. लेखी व प्रात्यक्षिक, दोन्हींत स्वतंत्रपणे ५० टक्के गुण लागतात. घोकंपट्टीवर लेखी कशीबशी निभावते, प्रात्यक्षिक नाही. एखादा विषय राहिलाच तर पुरवणी परीक्षा असते.

म्हणून पालकांनी संस्थेची इमारत नव्हे, रुग्णालय पाहावे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आधी तपासावी. ती नसेल तर शिक्षण पुरे करूनही नोंदणी होत नाही आणि नोकरीचे दार बंद. मग वॉर्डात चक्कर मारावी. खाटा भरलेल्या आहेत का? मुलींजवळ शिक्षिका उभ्या आहेत, की मुली नुसत्या कामाला जुंपल्या आहेत? शेवटच्या वर्षाच्या मुलींनाही गाठावे आणि विचारावे: पहिल्या वर्षी किती जणी राहिल्या, आणि त्यांना पुन्हा बसवून कोणी शिकवले?