संगणक आज्ञावलींची तपासणी : कोठे पाहावे, काय वगळावे

वह्या तपासणारा शिक्षक विद्यार्थ्याने लिहिलेले तपासतो. छापील पाठ्यपुस्तकावर तांबड्या शाईच्या खुणा करीत बसत नाही. मात्र पाठ्यपुस्तकात काय आहे, हे त्यास ठाऊक असावेच लागते. टोकरखाड्यातील कोणत्याही शिक्षकास हे सांगावयास नको. आज दाखले, जमिनीचे उतारे, शिष्यवृत्ती ही कामे संगणकाच्या आज्ञावलींवर चालतात. त्या आज्ञावली तपासणाऱ्या साधनासही हाच विवेक शिकवावा लागतो.

आज्ञावली प्रत्यक्ष न चालविता, केवळ वाचून तिच्यातील दोष दाखविणारी ही साधने होत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास 'लिंट' हे असे साधन तयार केले. लिंट म्हणजे कपड्यास चिकटलेले बारीक तंतू. नाव मोठे समर्पक आहे. आपल्याकडे पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटांच्या संशोधन केंद्रातही या विषयावर काम झालेले आहे.

आज्ञावलीचा संच हे एक मोठे दप्तरच असते. त्यातील काही फोल्डर आपल्या माणसांनी लिहिलेले, तर पुष्कळसे बाहेरून तयार आणलेले असतात. 'व्हेंडर' अथवा 'नोड मॉड्यूल्स' या नावांच्या फोल्डरांत अशा हजारो फायली असू शकतात. सरसकट सर्वांची तपासणी केल्यास वेळ जातो, हे खरेच. परंतु मोठे नुकसान निराळे आहे. दोषांची यादी इतकी लांबते की ती कोणी वाचीत नाही, आणि एखाद्या वारली कुटुंबाच्या जमिनीचा हिस्सा चुकविणारी आपलीच ओळ त्या गर्दीत दडून राहते.

यास्तव कोणते फोल्डर तपासावयाचे व कोणते वगळावयाचे, हे साधनास लिहून द्यावे लागते. 'पीएचपीस्टॅन' या साधनात वगळण्याचे दोन प्रकार आहेत. एकात त्या फोल्डरातील दोष कळविले जात नाहीत, पण तेथील नावे व व्याख्या साधन वाचून ठेवते. दुसऱ्यात ते तिकडे पाहतच नाही. बाहेरचे साहित्य दुसऱ्या प्रकाराने वगळले, आणि अन्य मार्गानेही ते साधनास सापडले नाही, तर आपल्या आज्ञावलीत त्याचा उल्लेख येताच 'असे काही अस्तित्वात नाही' अशा खोट्या तक्रारी सुरू होतात. पाठ्यपुस्तक न वाचलेल्या परीक्षकासारखाच हा प्रकार.

वगळलेले साहित्य निर्दोष असते, असे मात्र समजू नये. डिसेंबर २०२१ मध्ये जगभर वापरात असलेल्या 'लॉगफोरजे' या तयार साहित्यातच अतिशय गंभीर दोष उघडकीस आला. अशा दोषांच्या सूचना आपल्या देशात 'सर्ट-इन' ही शासकीय संस्था प्रसिद्ध करते. बाहेरून काय आणले व त्याची कोणती आवृत्ती आहे, याची नोंद कार्यालयाजवळ असेल तरच त्या सूचनांचा उपयोग.

दुसरा धोका माणसाच्या स्वभावातला आहे. अहवाल कोरा दिसावा म्हणून दोषांनी भरलेला आपलाच फोल्डर मुकाट्याने वगळयादीत घातला जातो. आज्ञावली ताब्यात घेताना संबंधित अधिकाऱ्याने 'दोष नाहीत' हा अहवाल पाहण्यापूर्वी ती यादी मागून घ्यावी, आणि प्रत्येक नावापुढे वगळण्याचे कारण लिहिले आहे किंवा नाही, ते पाहावे.